मायभूमी, कर्मभूमी आणि मैदान

संस्थेच्या महोत्सवी अंकात क्रिकेटवर लेख कशाला, असे आमच्या काही वडीलधाऱ्या सभासदांस वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. आपल्या सभासदांपैकी अनेकांची मुले-नातवंडे पुण्या-मुंबईसच नव्हे, तर परदेशीही स्थायिक झाली आहेत. ती सुट्टीत आळंदला आली आणि टीव्हीवर सामना लागला, की घरातले कोणी तरी हटकून विचारतेच, "तू रे कुणाकडून?" प्रश्न थट्टेचा असतो, पण पोर क्षणभर बावरते. त्या बावरण्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

१२ जून २०२४ रोजी न्यूयॉर्कनजीक वीस षटकांच्या विश्वचषकात भारत व अमेरिका समोरासमोर आले. अमेरिकेकडून पहिले षटक टाकावयास आला तो सौरभ नेत्रावळकर, मुंबईचा मुलगा. त्याने विराट कोहलीस शून्यावर परत धाडले आणि पाठोपाठ मुंबईच्याच रोहित शर्मालाही. सामना भारताने सात गडी राखून जिंकला, ही गोष्ट निराळी. हाच सौरभ २०१० साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला होता. आणि डिसेंबर २०१३ मध्ये रणजी सामन्यात मुंबईकडून उतरला तो आपल्या कर्नाटकाविरुद्ध! पुढे २०१५ साली तो संगणकशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी कॉर्नेल विद्यापीठात गेला व तिकडेच नोकरीस लागला. क्रिकेट मागे पडले असे वाटत असता ते त्याला तेथे पुन्हा गवसले. ६ जूनला डॅलस येथे त्याच्याच अखेरच्या जादा षटकाने पाकिस्तान हरले, तेव्हा आपल्याकडे केवढा आनंद झाला! सहाच दिवसांनी त्याच हाताने आपले दोन मोहरे टिपले, तेव्हा तो हात परका कसा व्हावा?

येथे नियम समजून घेतला पाहिजे, कारण पुष्कळ गैरसमज त्यातून उपजतात. क्रिकेटमध्ये एखाद्या देशाकडून खेळावयास त्या देशातला जन्म, तेथील नागरिकत्व अथवा ठराविक वर्षांचे वास्तव्य, यांपैकी काहीही एक चालते. ऑलिंपिकचे तसे नाही. तेथे नागरिकत्वच हवे. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्वाची सोय नाही आणि २००८ च्या सरकारी धोरणानुसार भारतीय नागरिकासच भारताकडून खेळता येते. तेव्हा ज्या नातवाने तिकडचे नागरिकत्व घेतले त्याला, वाटले तरी, भारताचा गणवेश घालता येणार नाही. ज्या घरांत खेळाडू पोरे आहेत त्यांनी पारपत्राचा अर्ज भरण्याआधीच हे ध्यानी घ्यावे.

आणि ही गुंतागुंत काही अमेरिकेने आणलेली नव्हे. आपले आळंद हैदराबाद संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात आले. कुणी घर हलवले नाही, चूल हलवली नाही. राज्य मात्र बदलले. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, हे चालतच राहिले. त्याच हैदराबादेचे फिरकी गोलंदाज गुलाम अहमद. ऑक्टोबर १९५२ मध्ये दिल्लीस पाकिस्तानचा पहिलाच कसोटी सामना झाला, त्यात शेवटच्या जोडीने १०९ धावा केल्या : पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी नाबाद ८१ आणि गुलाम अहमद ५०. समोर पाकिस्तानचे कर्णधार होते अब्दुल हफीज कारदार, जे १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताकडून खेळले होते! पुढे गुलाम अहमदांच्याच जवळच्या नात्यातले आसिफ इक्बाल १९६१ साली पाकिस्तानात गेले आणि १९७९-८० मध्ये त्या देशाचे कर्णधार म्हणून भारतात आले. एकाच घराण्याने दोन देशांना दोन कर्णधार दिले, कारण गुलाम अहमदांनीही भारताचे नेतृत्व केले होते. यांपैकी कुणी मैदानावर हातचे राखून खेळले, असे म्हणण्याची कुणाची छाती आहे?

आमच्या मते घोटाळा होतो तो खेळाडूची निष्ठा आणि प्रेक्षकाची माया एकाच तराजूत घातल्याने. १९९० साली इंग्लंडातील एक खासदार नॉर्मन टेबिट यांनी, आशियातून आलेले लोक सामन्यात कुणाच्या बाजूने ओरडतात यावरून त्यांची परीक्षा घ्यावी, असे सुचविले होते. आम्हांला ही परीक्षाच खोटी वाटते. जो गणवेश चढवितो त्याने शंभर टक्के त्या संघाचे व्हावे. तेथे तडजोड नाही. पण कठड्याबाहेर बसलेल्याने कर वेळेवर भरावा, कायदा पाळावा, शेजाऱ्याच्या अडीनडीला जावे. टाळी त्याची त्याने वाजवावी. सासरी नांदणाऱ्या लेकीने माहेरच्या यात्रेची आठवण काढली, तर सासूही तिला फितूर म्हणत नाही. सीमेवरच्या आम्हा मराठी माणसांना अशा परीक्षेची झळ अधूनमधून लागतच असते. मग आपल्याच नातवाला तीच परीक्षा आपण बैठकीत बसून का द्यावयास लावतो, हे आम्हांस उमगत नाही.

४ डिसेंबर २०२१ रोजी वानखेडे मैदानावर एजाझ पटेल याने भारताचे दहाच्या दहा गडी ११९ धावांत बाद केले. त्याच्या आधी कसोटीत हे दोघांनाच साधले होते : १९५६ साली जिम लेकर आणि १९९९ साली आपले कर्नाटकाचे अनिल कुंबळे. एजाझचा जन्म मुंबईचा; आठव्या वर्षी तो आईबापांबरोबर न्यूझीलंडला गेला आणि पंचवीस वर्षांनी जन्मगावीच परक्या टोपीत हा पराक्रम केला. भारतीय खेळाडू व प्रेक्षक यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. सामना त्याचा संघ ३७२ धावांनी हरला. जाताना त्याने तो चेंडू मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या हवाली केला, संग्रहालयात ठेवण्यासाठी.