मामा तलाव आणि तरुणांच्या हातातील लहान अनुदान

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुका हा धानाचा मुलूख असून हवामान बदलाची झळ तेथे सर्वांत आधी रोवणीच्या वेळापत्रकाला बसते. पहिल्या सरींवर टाकलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, वेळेत बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, लागले तर पीक साधते. परंतु पावसाने मध्येच दडी मारली की पऱ्हे जागच्या जागी वाढून जातात, रोवणी लांबते आणि उतारा घटतो, तर ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या पुरासारख्या प्रसंगी उभे पीक पाण्याखाली जाते. पाण्याच्या या लहरीपणावर पूर्व विदर्भाकडे एक जुना उपाय आहे, तो म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात. गोंड राजवटीच्या काळापासून मुख्यतः कोहळी समाजातील जाणकारांनी बांधलेले हे तलाव मालगुजारी ही जमीनदारी पद्धत रद्द करणाऱ्या १९५० च्या कायद्यानंतर शासनाच्या ताब्यात गेले, आणि पाळ सावरणे, गाळ उपसणे, पाणी सोडण्याचे दार म्हणजे तुडूम नीट ठेवणे ही गावाने पिढ्यान्‌पिढ्या केलेली कामे हळूहळू बेवारस झाली.

तरुणांच्या पुढाकाराने होणाऱ्या हवामानविषयक उपक्रमांसाठी दिल्या जाणाऱ्या लहान अनुदानांचा विचार या तलावांच्या काठावरून केला, तर त्यांचे मोल आणि त्यांच्या मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. लहान अनुदान म्हणजे एखाद्या गटाला ठरावीक कामासाठी एकदाच मिळणारी आणि परत न करावयाची रक्कम. भारतात ही कल्पना नवी नाही: २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत महाविद्यालयांना सात दिवसांच्या निवासी शिबिरासाठी निधी मिळतो, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १९८६ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय पर्यावरण जागृती मोहिमेने संस्थांना व महाविद्यालयांना छोट्या रकमा दिल्या, आणि राष्ट्रीय हरित सेनेतून शाळेच्या इको क्लबला वर्षाला आधी २,५०० आणि पुढे ५,००० रुपये मिळू लागले. जागतिक पातळीवर जागतिक पर्यावरण सुविधा निधीचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून चालू असून त्यात एका प्रकल्पाला अनेक वर्षे साधारणपणे ५० हजार डॉलरपर्यंत मदत मिळत आली.

मात्र हा पैसा खेड्यातील तरुण मंडळापर्यंत पोहोचणे सोपे नाही. बहुतेक मंडळे गणेशोत्सव किंवा क्रिकेटच्या निमित्ताने जमलेली आणि नोंदणी नसलेली असतात, तर अनुदानासाठी नोंदणी, पॅन, बँक खाते आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, लागतो. परदेशी निधीची वाट त्याहून अरुंद आहे, कारण परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार असा निधी मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही. त्यामुळे मोठ्या संस्थेने स्वतः बिले चुकती करणे आणि कामाची निवड मात्र गावातील मुलामुलींवर सोपवणे, एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो, आणि ही निवड त्यांच्याकडे खरोखर सोपवली जाते का, यावर उपक्रमाचे भवितव्य ठरते.

निवड करायची म्हटली की जुलैमध्ये रोपे लावून छायाचित्र काढण्याचा कार्यक्रम कोणालाही सुचतो, पण एप्रिलच्या उन्हात त्या रोपांना पाणी कोण घालणार याची तरतूद त्या अनुदानात क्वचितच असते, आणि ही उणीव गंभीर आहे. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव परिसरात तलावांवर काम करणारे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाबरोबर केलेले काम याच्या अगदी उलट आहे: तलावात माजलेली बेशरमची झुडपे स्त्रियांनी मुळासकट काढली, माशांना अन्न व आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती चिखलात उभे राहून पुन्हा लावल्या, आणि हे एका दिवसात न उरकता वर्षानुवर्षे चालू ठेवले.

मोहाडीतील एखाद्या गटाने दोन दिवसांचा तलाव मेळावा घ्यायचे ठरवले, तर लहान अनुदानातून येण्याजाण्याचा खर्च, जेवण, फावडी-टोपली, मोजमापाच्या टेप आणि नकाशांच्या प्रती भागतील. त्या दोन दिवसांत पाळीला कोठे खांडी पडली आहे, तुडूम कोठे तुंबले आहे, अतिक्रमण कोठवर आले आहे याची जुन्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन नोंद करता येईल. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात आणि मासेमारीचा हक्क पुष्कळदा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, म्हणून या दोघांना पहिल्या दिवसापासून बरोबर घेणे आवश्यक ठरते. ही नोंद ग्रामसभेत ठरावाच्या रूपाने मांडली गेली, की तिला मोठ्या निधीचे दार उघडू शकते: पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेशी बांधला होता, आणि राज्याची २०१७ मधील ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना काढलेला गाळ शेतात पसरण्यासाठीच आखलेली आहे. मोठ्या योजना यंत्राच्या तासांचे पैसे देतात. गावाला एकत्र बसवण्याचा, मोजण्याचा आणि पटवून देण्याचा खर्च त्यांच्या अंदाजपत्रकात बसत नाही, आणि नेमका तोच लहान अनुदानाने उचलावा.

रकमेपेक्षाही महत्त्वाची आहे ती मंजुरीची तारीख. आर्थिक वर्ष संपताना घाईने सुटलेला निधी फलक आणि टोप्यांवर जातो, तर गाळ काढता येतो तो तलाव आटल्यावर, उन्हाळ्यात, आणि परवानग्यांना त्याआधी काही आठवडे लागतात. म्हणून धानाची कापणी आटोपून तरुणांचे हात मोकळे होतात त्या डिसेंबरच्या सुमारास मंजुरी हाती पडली, तरच पऱ्हे टाकण्यापूर्वी पाळ सावरून होईल.