पाचांचा कलमी डाव

वाचकहो, तुमच्यापैकी कित्येकांची मुले, पुतणे, भाचे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ठाणे, डोंबिवली, कल्याण या बाजूला असतील. कोणी मुरबाडहून एसटीने रोज ये-जा करतो, कोणी आसनगाव-कसाऱ्याहून लोकल धरतो, तर कोणी मामा-मावशीच्या दोन खोल्यांत राहतो. अशा घरी तुम्ही घरचे तांदूळ, वाल घेऊन मुक्कामाला गेलात, तर एक देखावा पाहायला मिळतो. मुलगा कानाला हेडफोन लावून संगणकापुढे बसलेला असतो. ताट वाढून झालेले असते. मावशी दोनदा, तीनदा हाक मारते. तो मान न वळवता म्हणतो, "आलोच, एवढा डाव संपू दे." भात निवतो, आणि मग शब्दाला शब्द वाढतो.

तो नक्की खेळतो काय, हे मात्र कोणी विचारत नाही. आज तेच सांगायचे योजले आहे. कारण खेळ काय आहे ते कळले, की रागवायचे कुठे आणि सोडून द्यायचे कुठे, हेही कळते.

दुसऱ्याच्या खोडावरचे कलम

कोकणात रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. खोड एकाचे, फळ दुसऱ्याचे. संगणकाच्या खेळातही अशी कलमे होतात. कंपनीने केलेल्या खेळावर एखादा शौकीन आपल्या हौसेने नवा खेळ बांधतो. त्याला 'मॉड' म्हणतात.

अमेरिकेतल्या ब्लिझर्ड कंपनीने २००२ साली 'वॉरक्राफ्ट ३' नावाचा खेळ विकायला काढला. त्याबरोबर नवे नकाशे करण्याचे साधनही दिले. २००३ साली 'यूल' असे टोपणनाव घेणाऱ्या एका शौकिनाने ते वापरून 'डिफेन्स ऑफ द एन्शंट्स', म्हणजेच 'डोटा', हा खेळ केला. त्याची कल्पनाही सर्वस्वी नवी नव्हती. 'स्टारक्राफ्ट' या आधीच्या खेळावर कोणी शौकिनाने केलेला 'इऑन ऑफ स्ट्राइफ' नावाचा नकाशा त्याच्यापुढे होता. पुढे यूल बाजूला झाला. निरनिराळ्या लोकांनी केलेली निवडक पात्रे एकत्र करून 'डोटा ऑलस्टार्स' जुळवला गेला, पुढे स्टीव्ह फीक याने तो वाढवला, आणि २००५ पासून 'आइसफ्रॉग' या टोपणनावाचा माणूस खेळाडूंच्या तक्रारी ऐकत तो वर्षानुवर्षे सुधारत राहिला. जात्यावरच्या ओवीत जशी प्रत्येक बाई आपली भर घालते, तसाच हा प्रकार झाला. हा नकाशा कोणी विकला नाही. ज्याच्याकडे मूळ खेळ होता, त्याला तो फुकट मिळत असे.

'काउंटर-स्ट्राइक' हा दुसरा गाजलेला खेळही असाच. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ साली 'हाफ-लाइफ' या खेळावर तो बांधला, आणि पुढच्याच वर्षी मूळ खेळाच्या व्हॉल्व्ह कंपनीने तो आपल्याकडे घेतला.

खेळतात कसे?

डोटामध्ये पाच-पाच गड्यांचे दोन संघ असतात. मैदानाच्या दोन टोकांना दोघांची ठाणी असतात. जुन्या डोटात एका बाजूचे मुख्य स्थान म्हणजे एक प्रचंड वृक्षच होता. दोन ठाण्यांमध्ये तीन वाटा. त्या वाटांवरून दर अर्ध्या मिनिटाने दोन्हीकडचे शिपाई आपोआप निघतात आणि भिडतात. प्रत्येक गडी शंभरावर पात्रांमधून एक पात्र निवडतो. समोरच्याचे शिपाई मारले की खेळातले सोने मिळते, सोन्याने शस्त्रे घ्यायची, आणि शेवटी समोरच्याचे मुख्य स्थान फोडायचे. एक डाव साधारण अर्धा-पाऊण तास चालतो, कधी तासाच्याही वर जातो.

यात एवढे गुंतण्यासारखे काय आहे, असे तुम्ही विचाराल. पहिली गोष्ट अशी, की डाव मांडला की दहाही जण शून्यापासून सुरू होतात. बंगल्यातला मुलगा आणि चाळीतला मुलगा यांची कमाई सारखीच शून्य. मागच्या डावातले सोने पुढच्या डावात येत नाही.

दुसरी गोष्ट, पाचांची कामे वेगळी असतात. एक गडी सुरुवातीला अगदी दुबळा असतो, पण जगला-वाढला तर शेवटी तोच सामना जिंकून देतो. नव्या कलमाला आपण कुंपण घालतो, पाणी देतो, तसे बाकीचे त्याला जपतात. दुसरा गडी टेहळणीची साधने घेऊन अंधाऱ्या रानात लावतो, म्हणजे शत्रू कुठून येतो ते सगळ्यांना दिसावे. हे मचाणावर बसून राखण करण्याचे काम. त्यात नाव होत नाही, पण राखण नसेल तर पीक हाती लागत नाही. ज्याला खेळ कळतो, तो राखणदाराचेच कौतुक करतो.

आणि तिसरी गोष्ट ताटाशी संबंधित आहे. कबड्डीत चढाई चालू असताना एखादा गडी मैदान सोडून घरी जेवायला गेला, तर गाव त्याला काय म्हणेल? येथेही एक उठला की उरलेले चौघे पाचांविरुद्ध सापडतात. मुलगा हाकेला ओ देत नाही, त्यात उद्दामपणा असेलच असे नाही. कित्येकदा तो चौघांना दिलेला शब्द पाळत असतो.

शटर पडायचे ते दिवस

२००५ च्या सुमारास घरोघर इंटरनेट नव्हते. जेथे होते तेथे ते संथ आणि महाग. पण एका खोलीतले दहा संगणक तारांनी जोडले, की इंटरनेटशिवायही हे खेळ चालत. म्हणून ठाणे, डोंबिवली, कल्याण इथल्या सायबर कॅफेंत मुलांच्या टोळ्या जमू लागल्या. तासाचे पैसे वर्गणीने भरायचे, समोरासमोर बसून ओरडायचे, आणि ज्याला जागा मिळाली नाही त्याने खुर्चीमागे उभे राहून शिकायचे. त्या वर्षांत भारनियमन होते. वीज गेली की जिंकत आलेला डाव दहाही पडद्यांवरून एकदम नाहीसा व्हायचा.

पुढे इंटरनेट घरात आले आणि खेळही घरात आला. सोय झाली, पण एक गोष्ट गेली. कॅफेचा मालक रात्री शटर ओढायचा, तेव्हा खेळ संपायचाच. खिशातले पैसे संपले तरी उठावे लागायचे. घरात शटर नाही. ते ओढायचे काम आता घरच्यांवर आणि खुद्द मुलावर आले आहे. खरी अडचण आहे ती येथे.

नाव आणि पैसा

व्हॉल्व्ह कंपनीने २००९ साली आइसफ्रॉगला नोकरीवर घेतले आणि २०१३ साली 'डोटा २' रीतसर बाजारात आणला. तोही फुकटच खेळता येतो. फीक दुसरीकडे गेला, आणि त्या कंपनीचा 'लीग ऑफ लेजंड्स' २००९ साली निघाला. डोटाच्या नावावरून व्हॉल्व्ह आणि ब्लिझर्ड यांच्यात वादही झाला, तो २०१२ साली मिटला. शौकिनांनी फुकट लावलेल्या झाडाच्या फळांवर कंपन्या भांडल्या, असेच म्हणायचे. २०२१ च्या जागतिक स्पर्धेत बक्षिसांची रक्कम चार कोटी डॉलरच्या वर गेली होती.

आपल्या देशाचेही नाव झाले आहे. २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा २ संघाने न्यूझीलंडला हरवून कांस्यपदक मिळवले. मुख्य राष्ट्रकुल स्पर्धेच्या पदकतक्त्यात ते धरले गेले नाही, पण त्याच वर्षी डिसेंबरात केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सना क्रीडा विभागाच्या कक्षेत आणले. तरीही, बंधूंनो, चार कोटी डॉलरचा आकडा वाचून कोणी मुलाचे कॉलेज सोडवू नये. गावोगाव कबड्डी खेळतात, पण देशाच्या संघात किती जातात? तेच प्रमाण येथे समजावे.

भेद ओळखा

एक भेद नीट ध्यानात ठेवा. डोटासारखा खेळ वेगळा आणि पैसे लावून खेळायचा मोबाइलवरचा पत्त्यांचा खेळ वेगळा. पहिल्यात जाऊ शकतो तो वेळ. दुसऱ्यात घर जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला, त्यानेही हाच भेद केला आहे. पैशाच्या ऑनलाइन खेळांना त्याने मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. तेव्हा मुलाला पहिला प्रश्न विचारावा तो हा: यात पैसे लावतोस का?

वेळ जाणे हीदेखील लहान गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराची आजारांच्या यादीत नोंद केली आहे. खेळ हातात राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येतो, आणि नुकसान दिसत असूनही तो सुटत नाही, अशी त्याची लक्षणे. हे साधारण वर्षभर चालले आणि अभ्यास, झोप, नाती बिघडली, तर तो आजार मानतात. अशा वेळी मारझोड करू नये, डॉक्टरला दाखवावे. सरकारच्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

बाकीच्या घरांसाठी उपाय साधा आहे. चालू डाव मोडायला लावू नका, नवा डाव मांडण्याची वेळ ठरवून घ्या. जेवण नऊला असेल, तर आठनंतर नवा डाव नाही. हा नियम मुलालाही पटतो, कारण त्यात त्याच्या चौघांचा मान राहतो. परीक्षेच्या महिन्यात संघालाच आधी कळवायला सांगा.

आणि पुढच्या खेपेला तांदूळ घेऊन जाल, तेव्हा घटकाभर त्याच्या खुर्चीमागे उभे राहा. "पाचांत तुझे काम कोणते?" एवढेच विचारा. तो सांगू लागेल. त्याचे सांगून झाले, की आवणीला यंदा किती माणसे कमी पडतात, ते तुम्ही त्याला सांगा.