कोप्पचे अंगडी दिल्लीला गेले, तेव्हा...

कन्नडमध्ये ‘अंगडी’ म्हणजे दुकान, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. सुरेश अंगडी यांचे आडनाव आणि पेशा असे जुळून आले होते. राजकारणात येण्याआधी ते व्यापार-उद्योगात होते आणि खासदार झाल्यावरही त्यांची वृत्ती व्यापाऱ्याचीच राहिली, असे मला वाटते.

1 जून 1955 रोजी बेळगाव तालुक्यातल्या के. के. कोप्प गावात त्यांचा जन्म झाला. शिक्षण बेळगावात झाले. आधी वाणिज्य, मग राजा लखमगौडा महाविद्यालयातून कायदा. व्यवसायात पाय रोवल्यावर ते भाजपच्या संघटनेत शिरले. 1996 मध्ये जिल्हा उपाध्यक्ष, पुढे जिल्हाध्यक्ष. 2004 मध्ये काँग्रेसचे विद्यमान खासदार अमरसिंह पाटील यांना हरवून ते लोकसभेत गेले. त्यानंतर 2009, 2014 आणि 2019 असे सलग चार वेळा निवडून आले. मधल्या काळात सावगाव रस्त्यावर त्यांचे अभियांत्रिकी महाविद्यालयही उभे राहिले.

आता आपल्या घरातली गोष्ट. विधानसभेला समिती आणि लोकसभेला कमळ, असे मतांचे वाटप सीमाभागातल्या कितीतरी मराठी घरांत होत आले. जेवणाच्या पानावर त्यावरून वाद झडायचे, ते मी ऐकले आहेत. अंगडी लिंगायत, कन्नडभाषक. तरी त्यांना मराठी मते मिळत गेली. पण ही मते म्हणजे सीमाप्रश्नावरचा कौल नव्हे, याची आठवणही मतदार करून देत. 2019 मध्ये समितीने ढिगाने उमेदवार उभे केले आणि बेळगावच्या रिंगणात पन्नासहून अधिक नावे झाली, ती त्याच भावनेतून. तरीही अंगडी जवळजवळ 3 लाख 90 हजारांच्या फरकाने जिंकले.

त्याच वर्षी ते रेल्वे राज्यमंत्री झाले. महिन्याभरातच, जून 2019 मध्ये, बेळगाव-बेंगळूर सुपरफास्ट गाडी सुरू झाली. त्यांचे बोलणे मात्र कधीकधी अंगाशी यायचे. मंदीची ओरड चालू असताना, विमाने भरलेली आहेत, लग्ने होताहेत, मग मंदी कुठे, असे ते म्हणाले. डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व कायद्यावरील आंदोलनाच्या वेळी, रेल्वेच्या मालमत्तेची नासधूस करणाऱ्यांना दिसताक्षणी गोळ्या घाला, असेही ते बोलले. मंत्र्याच्या तोंडी ही भाषा शोभणारी नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यांचा खरा ध्यास होता बेळगाव-कित्तूर-धारवाड लोहमार्ग. आज धारवाडला रेल्वेने जायचे तर लोंढ्याचा वळसा पडतो. नवा मार्ग सुमारे 73 किलोमीटरचा, खर्च सुमारे 927 कोटी. जमीन आणि निम्मा खर्च राज्याचा. वळसा वाचला की वेळ वाचतो आणि भाडेही, हे व्यापाऱ्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. आखणीत त्यांचे जन्मगाव के. के. कोप्पही आले.

पण वाचकहो, याच आखणीत देसूर, गर्लगुंजी, नंदिहळ्ळी या भागातली पिकाऊ शेतीही आली. तिथले शेतकरी, त्यात मराठी कुटुंबे पुष्कळ, विरोधात उभे राहिले. ‘रेल्वे हवी, पण पडीक जमिनीतून न्या,’ एवढेच त्यांचे म्हणणे. मला ते रास्त वाटते. ज्याच्या भाताचा वाफा रुळाखाली जाणार, त्याच्या हिशेबात वेळेची बचत बसत नाही.

अंगडींना हा मार्ग पाहता आला नाही. सप्टेंबर 2020 मध्ये त्यांना कोरोना झाला आणि 23 तारखेला दिल्लीत ‘एम्स’मध्ये त्यांचे निधन झाले. कोरोनाने गेलेले ते पहिले केंद्रीय मंत्री. पार्थिव बेळगावला आणता आले नाही. चार वेळा निवडून दिलेल्या मतदारसंघाला अंत्यदर्शनही घडले नाही; दिल्लीतच लिंगायत पद्धतीने दफनविधी झाला.

2021 च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी मंगला अंगडी निवडून आल्या, पण फरक सव्वापाच हजारांच्या आसपास. समितीच्या शुभम शेळके यांना लाखाहून अधिक मते पडली. लोकसभेचे कमळ हा मराठी घरांचा कायमचा करार नव्हता. त्या मतांत पक्षाइतकाच अंगडी या माणसाचाही वाटा होता, हे तेव्हा कळले.

त्यांच्या स्मरणार्थ पुतळे, फलक, नावे देणे होईलच. माझ्या मते त्यांचे खरे स्मारक तो लोहमार्गच. मात्र गर्लगुंजीच्या शेतकऱ्यालाही त्या गाडीत समाधानाने बसता यावे, अशी ती जमीन घेतली जावी.