वडापावही कार्डावर!

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव, असं १ डिसेंबर २०१६ रोजी जाहीर झालं. नोटाबंदीला जेमतेम तीन आठवडे झाले होते. बँक ऑफ बडोदाने स्वाइप यंत्रं पुरवली आणि वडापावसुद्धा कार्डावर मिळू लागला.

नव्याचे नऊ दिवस! नोटा परतल्या, तशी रोखीची सवयही परतली.

खेड्यापाड्यांत खरा रुळला तो बँकमित्र, म्हणजे गावातच व्यवहार करून देणारा बँकेचा प्रतिनिधी. त्याच्या यंत्रावर आधार क्रमांक टाकायचा, अंगठा टेकवायचा, पैसे हातात. कार्ड नको, पिन नको. मात्र शेतात राबून बोटांवरच्या रेषाच झिजल्या असतील, तर यंत्र खातेदाराला ओळखतच नाही. आणि साध्या बटणांच्या फोनवरून पैसे देण्याची ‘यूपीआय १२३पे’ ही सोय आली ती थेट मार्च २०२२ मध्ये.