मत कुणाला दिलं, हे विचारायचं कसं?

'मत कुणाला दिलंत?' असं कुणाच्या दारात जाऊन थेट विचारून बघा. 'दिलं की, ज्याला द्यायचं त्याला,' म्हणत माणूस हसून विषय बदलतो. शेजारच्या ओट्यावर गावचे पुढारी बसलेले असतील, तर उत्तरही त्यांना रुचेल असंच येतं. म्हणून दिल्लीच्या 'सीएसडीएस' या संस्थेच्या 'लोकनीती' उपक्रमाच्या सर्वेक्षणात हा प्रश्न तोंडी विचारत नाहीत. पक्षांची चिन्हं छापलेली एक नकली मतपत्रिका हातात देतात. माणसाने खूण करायची, घडी घालायची आणि सर्वेक्षकाने सोबत आणलेल्या पेटीत टाकायची. मतदान केंद्रावर मिळणारी गुप्तता माणसाला त्याच्या घरातही द्यायची, ही कल्पना मला सर्वेक्षणाच्या सगळ्या शास्त्रात सर्वांत सुंदर वाटते.

कुणाला विचारायचं, हेही सर्वेक्षकाच्या मर्जीवर नसतं. मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावं उचलतात आणि त्याच माणसाला गाठायचं असतं. ती बाई शेतावर गेली असेल, तर शेतावर जायचं. पारावरच्या चार जणांना विचारून भागत नाही, कारण पारावर बायका नसतात! 'सीएसडीएस'ची ही सर्वेक्षणं १९९६पासून प्रत्येक लोकसभा निवडणुकीत होत आली आहेत. पुण्याचे प्रा. सुहास पळशीकर 'लोकनीती'चे सहसंचालक होते. पुण्याचा या विषयाशी संबंध त्याहूनही जुना: पुणे विद्यापीठाचे प्रा. सिरसीकर यांनी १९६२च्या निवडणुकीतल्या मतदार-वर्तनाचा अभ्यास केला आणि १९६५मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

नमुना मोठा म्हणजे अंदाज पक्का? अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाला असंच वाटलं होतं. १९३६मध्ये त्यांनी सुमारे एक कोटी कार्डं टपालाने पाठवली, वीस लाखांहून जास्त परत आली. निष्कर्ष निघाला, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट यांच्याविरुद्ध लँडन जिंकणार. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्ट यांच्या पदरात पडली. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेले. ऐन मंदीत ज्यांच्या घरी फोन-मोटार नव्हती, ते मोजदादीतून निसटले. शिवाय कार्ड भरून परत पाठवण्याची तसदी सगळे सारखी घेत नाहीत. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी मात्र कितीतरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला.

आता प्रश्नातल्या शब्दांची गंमत. लोकशाहीविरोधी भाषणांना 'परवानगी द्यावी का?' असं १९४०च्या सुमारास अमेरिकेत विचारलं, तेव्हा ६२ टक्के 'नको' म्हणाले. 'बंदी घालावी का?' असं विचारल्यावर 'हो' म्हणणारे ४६ टक्केच निघाले. मुद्दा तोच, पण 'बंदी' म्हटल्यावर माणूस कचरतो. याहून भारी प्रयोग संशोधक जॉर्ज बिशप यांचा. 'सार्वजनिक व्यवहार कायदा, १९७५' याबद्दल त्यांनी सिनसिनाटीच्या लोकांना मत विचारलं. सुमारे एक तृतीयांश लोकांनी मत दिलंही. असा कायदाच नव्हता! लोक खोटं बोलत होते, असं मला वाटत नाही. दारात आलेल्याला 'ठाऊक नाही' म्हणून परत पाठवणं माणसाच्या जिवावर येतं.

लाजेची ताकदही जबर. अमेरिकेत तुम्ही मत दिलं की नाही, ही नोंद खुली असते. २००६मध्ये मिशिगनमध्ये संशोधकांनी काही घरांना पत्रं पाठवली: मागच्या वेळी तुम्ही आणि तुमचे शेजारी मतदानाला गेला होतात का, हे बघा, निवडणूक झाली की नवी यादी पाठवू. त्या घरांतल्या मतदानाची टक्केवारी सुमारे ८ अंकांनी वाढली. प्रयोग बिनतोड असला, तरी असं पत्र आपल्याकडे कुणी पाठवू नये.

नावांचा घोळ मात्र आपला अस्सल. २०१४च्या लोकसभा निवडणुकीत रायगडात अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना २,११० मतांनी हरवलं. त्याच यंत्रावर दुसरे एक सुनील तटकरे अपक्ष उभे होते, त्यांना ९,८४९ मतं पडली. पुढच्याच वर्षापासून मतदानयंत्रावर उमेदवाराचा फोटो आला.

आणि ज्यांना नावच सांगता येत नव्हतं, त्यांचं काय? १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत असंख्य बायकांची नोंद 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशी झाली होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ती चालवून घेतली नाही. सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता, पण माझ्या मते योग्य होता. मतदार म्हणून बाईचं स्वतःचं नाव लागलं पाहिजे, हे त्या निर्णयाने ठरवून टाकलं. यादीत नाव लागलं, तरी मतदानात बायका बराच काळ मागे होत्या: १९६२मध्ये पुरुषांचं मतदान ६३ टक्के आणि बायकांचं जेमतेम ४७ टक्के होतं. २०१९च्या लोकसभेला बायका पुरुषांच्या किंचित पुढे गेल्या आणि २०२४लाही त्यांनी ही आघाडी सोडली नाही.