स्प्रिंगच्या पेटीतला समुद्र

कुकामोंगा हे कॅलिफोर्नियातलं गाव लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, समुद्रापासून चांगलंच आत आहे. साठच्या दशकात त्याची ओळख होती ती द्राक्षमळ्यांसाठी. पण १९६३ साली ज्या दोन गिटारधुनांनी अमेरिकेच्या रेडिओवर लाटांचं वेड पसरवलं, त्या दोन्ही याच गावातल्या ‘पाल’ नावाच्या छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड झाल्या होत्या. एक शँटेजची ‘पाइपलाइन’, दुसरी सर्फारिजची ‘वाइप आउट’. पहिली बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेली, दुसरी दुसऱ्या. वाजवणारी मुलं शाळकरी वयाची. स्टुडिओचा मालक पॉल बफ यानं पाच ट्रॅकचं टेपयंत्र स्वतःच्या हातांनी जुळवलं होतं, तेही बहुतेक मोठ्या कंपन्या तीन-चार ट्रॅकवर काम भागवत असताना. ‘वाइप आउट’ तर रेकॉर्डची मागची बाजू भरायला म्हणून स्टुडिओतच रचली गेली. सुरुवातीचा तो कडाड्‌ आवाज माइकजवळ फळी मोडून काढलेला आहे.

म्हणून घरच्या खोलीत अशा धुनांचा, म्हणजे सर्फ संगीताचा, अल्बम करायला कुणी निघालं, की मला त्यात काही जगावेगळं वाटत नाही. मोजकी साधनं, तरुण मंडळी आणि थोडा वेळ एवढ्यावरच हे संगीत उभं राहिलं. आजच्या लॅपटॉपवर शंभर ट्रॅक सहज मावतात, तरी जुना आवाज हाती लागत नाही, अशी तक्रार बरेच जण करतात. त्याचं कारण यंत्राच्या वयात कमी आणि कामाच्या क्रमात जास्त आहे. त्या काळी आवाजाबद्दलचे सगळे निर्णय वाजवण्याआधी होत. आज ते वाजवून झाल्यावर होतात.

या संगीताचं आयुष्य तसं थोडकं. १९६१ च्या उन्हाळ्यात बाल्बोआच्या ‘राँदेव्हू’ नृत्यगृहात गिटारवादक डिक डेल आणि त्याचे साथीदार वाजवू लागले, आणि लाटांवर फळ्या घेऊन जाणारी पोरं तिथे लोटली. १९६४ साली बीटल्स अमेरिकेत आले आणि ही लाट ओसरली. मधली तीन-चार वर्षं हाच त्याचा बहर. डेलचं मूळ नाव रिचर्ड मन्सूर. वडील लेबनॉनचे. काका ऊद वाजवायचे, आणि घरच्या मंडळींमध्ये ‘मिसिरलू’ ही पूर्व भूमध्य समुद्राकाठची धून त्याच्या कानावर पडलेली. १९२७ साली ती ग्रीक गाण्याच्या रूपात रेकॉर्ड झाली होती. डेलनं १९६२ मध्ये तिची लय दामटली आणि एकाच जाड तारेवर पिकचे अखंड आघात करत ती वाजवली. ‘पल्प फिक्शन’ या चित्रपटाने १९९४ मध्ये ती पुन्हा जगभर पोहोचवली. आपल्या कानाला तिचे स्वर परके नाहीत: कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद. म्हणजे भैरव थाटच. भैरव रागाची आंदोलनं तिच्यात अर्थातच नाहीत, पण षड्जाला खेटून बसलेला कोमल रिषभ तोच. अमेरिकेच्या किनाऱ्याची म्हणून जग जी धून ओळखतं, तिच्यात बैरूतचं आणि अथेन्सचं पाणी आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता सर्फ गिटारच्या ओल्या, टपटपणाऱ्या आवाजाकडे वळू. गंमत अशी की डेलच्या १९६१ च्या ‘लेट्स गो ट्रिपिन’मध्ये तो नाहीच. ती धून कोरडी आहे. फेंडर कंपनीनं रिव्हर्बची, म्हणजे घुमाराची, वेगळी पेटी त्याच वर्षी बाजारात आणली, आणि दोन वर्षांत ती या संगीताची सही होऊन बसली. तिच्या पोटात पत्र्याचा साधारण सतरा इंची डबा असतो. डब्यात दोन बारीक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. एका टोकाला छोटं कॉइल आणि चुंबक. गिटारचा विद्युत्‌संकेत तिथे आला की स्प्रिंगला पीळ बसतो, तो पीळ तारेतून धावत दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथे त्याचं पुन्हा विजेत रूपांतर होतं. एका स्प्रिंगला या प्रवासाला ३३ मिलिसेकंद लागतात, दुसरीला ४१. शिवाय काही स्पंदनं टोकावरून परत फिरतात, पुन्हा येतात, आणि हळूहळू विरतात.

मूळ कल्पना टेलिफोनच्या लोकांची. लांब पल्ल्याच्या तारांमधला विलंब प्रयोगशाळेत निर्माण करण्यासाठी बेल कंपनीच्या संशोधकांनी स्प्रिंग वापरली होती. लॉरेन्स हॅमंडनं ती आपल्या ऑर्गनमध्ये घेतली, कारण घराच्या दिवाणखान्यात चर्चसारखा घुमार मिळत नाही. पण स्प्रिंग ही दगडी सभागृहाची हुबेहूब नक्कल करत नाही. तिच्यातून सगळे सूर एकाच वेगानं जात नाहीत. खालचे आधी पोहोचतात, वरचे मागाहून, त्यामुळे एक छोटा आघात पलीकडे निघताना ‘च्युंइक्‌’ असा ताणला जातो. पाण्याचा थेंब पडल्याचा भास होतो तो इथून. हॅमंडच्या दृष्टीनं हा दोषच होता. सर्फवाल्यांनी त्यावर आपलं सगळं संगीत उभं केलं.

पेटीवर तीन बटणं: ‘ड्वेल’ म्हणजे स्प्रिंगला किती जोरानं ढकलायचं, ‘मिक्सर’ म्हणजे कोरड्या आवाजात ओला किती मिसळायचा, आणि ‘टोन’. त्या ढकलण्यासाठी जुन्या रेडिओत असायचा तसला व्हॉल्व्ह बसवलेला आहे. आणि मुख्य म्हणजे ही पेटी गिटार आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये लागते. गिटार, मग स्प्रिंग, मग अ‍ॅम्प, मग स्पीकर, मग माइक. म्हणजे घुमारासकट आवाज अ‍ॅम्पमध्ये शिरतो आणि तिथे थोडा चेपला जातो. घरी रेकॉर्डिंग करणारे नेमकं इथे चुकतात. गिटार कोरडी घेतात आणि मिक्सिंगच्या वेळी तिच्यावर रिव्हर्ब ओततात. क्रम उलटला की आवाजाचा सगळा पोतच बदलतो. पेटीऐवजी संगणकावरचं प्लग-इन वापरायचं तर खुशाल वापरा, पण ते अ‍ॅम्पच्या प्लग-इनच्या आधी लावा. खऱ्या पेटीचा नुसता ठसा घेतलेली ‘कन्व्होल्यूशन’ जातीची प्लग-इन्स मात्र टाळलेली बरी. व्हॉल्व्हला जोरात ढकलल्यावर आवाज जो फाटतो, तो त्या ठशात उतरत नाही.

जुना आवाज हाती न लागण्याचं याहून मोठं कारण वाजवणाऱ्याच्या हातात आहे. उजव्या हाताचा तळवा ब्रिजवर टेकवून तारा अर्ध्या दाबल्या आणि पिक मारलं की सूर आखूड होतो आणि उरलेल्या फटीत थेंब पडतो. वादकाला तो थेंब ऐकू आला, तरच तो पुढच्या आघाताला तेवढी जागा सोडतो. हेडफोनमध्ये कोरडी गिटार ऐकत वाजवलेली धून मागाहून कितीही भिजवा, त्या जागा तिच्यात नसतातच. म्हणून रिव्हर्ब वाजवतानाच हवा, आणि तो तसाच कायमचा रेकॉर्ड झाला पाहिजे.

जुनी पेटी आपल्याकडे मिळणं अवघड, आणि अमेरिकेतून आणलीच तर ती ११७ व्होल्टची, तेव्हा ट्रान्सफॉर्मर लागतो. पण स्प्रिंगचे डबे आजही नवे बनतात आणि मागवता येतात. बाकी सर्किट हौशी माणसाला जमण्यासारखं आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात सुटे भाग मिळतात. फक्त व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये काहीशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ते काम जाणत्याच्या हाताखालीच करावं. डबा अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवावा, नाहीतर गुणगुण आत शिरते. गिटारच्या सिंगल-कॉइल पिकअपचंही तसंच आहे. खोलीतले एलईडी दिवे बंद करून गिटार हातात घेऊन सावकाश वळत राहावं. एका कोनात गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. तिथे खुर्ची ठेवावी आणि जमिनीवर खडूनं खूण करावी.

गिटार फेंडरचीच हवी असं मी म्हणणार नाही. जॅझमास्टर, जॅग्वार, स्ट्रॅटोकास्टर या त्या काळच्या राण्या खऱ्या, पण तारा त्याहून महत्त्वाच्या. आपल्या दुकानांत सहसा नऊ-दहाचे पातळ संच मिळतात. सर्फला बारा किंवा तेराचा संच हवा, तिसरी तारही गुंडाळलेली. पातळ तार पिकखाली लोळते, आणि जाड तारेवर पिक आपटलं की ती ठाम उत्तर देते. बेस गिटारवर सपाट वेटोळ्याच्या तारा, बोटांऐवजी पिक, आणि ब्रिजजवळ तारांखाली फोमचा तुकडा. फेंडरच्या बेसवर ब्रिजच्या चकचकीत झाकणाखाली कारखान्यातूनच असा फोम यायचा. त्यानं सूर लवकर मिटतो आणि ढोलाच्या ठोक्याशी एकजीव होतो.

ढोल हा फ्लॅटमधला खरा प्रश्न. शेजाऱ्यांशी आधी बोलून, रविवारची दुपार ठरवून घ्यावी, नाहीतर सरळ एक दिवस सरावाची खोली भाड्यानं घेऊन सगळ्यांनी तिथेच वाजवावं. संगणकावरचे ढोल या संगीतात मला अजिबात चालत नाहीत. माइक दोन पुरेत: एक बास ड्रमपुढे, एक वादकाच्या डोक्याच्या वर, स्नेअर आणि टॉमकडे रोखलेला. झांजा हलक्या हातानं, टॉम जोरात, आणि स्नेअरच्या कडेला सुती रुमाल. एवढ्यानंच समतोल निम्मा साधतो. माइकच्या नावांना भुलू नये. आज प्रत्येक अ‍ॅम्पपुढे दिसणारा शुअरचा एसएम५७ बाजारात आला १९६५ साली, म्हणजे या सगळ्या गाजलेल्या रेकॉर्डनंतर. त्यांपैकी एकीवरही तो नाही.

सगळ्यांनी एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवायचं, यावर मी अडून बसेन. गिटार ढोलाच्या माइकात शिरते, ढोल गिटारच्या माइकात. त्या गळतीतूनच खोलीचा आवाज तयार होतो आणि सगळी वाद्यं एका हवेत येतात. मग चुकीचा सूर नंतर खोडता येत नाही. पूर्ण धून पुन्हा वाजवावी लागते, आणि त्या धाकानं प्रत्येकजण दुसऱ्याकडे कान देऊन वाजवतो.

ही शिस्त आपल्या मुंबईलाही परकी नव्हती. ताडदेवच्या फेमससारख्या स्टुडिओंत साठच्या दशकात गायक आणि वादक एकत्र बसून अख्खं गाणं एका दमात घ्यायचे. १९६५ च्या ‘गुमनाम’मधलं ‘जान पहचान हो’ ऐका. शंकर-जयकिशनचं संगीत, रफींचा आवाज, पडद्यावर टेड लायन्स अँड हिज कब्ज हे पथक. त्यातल्या गिटारची ती धावपळ कॅलिफोर्नियाच्या पोरांची चुलत बहीण शोभते. २००१ साली ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाची सुरुवातच या गाण्यानं झाली.

टेपबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात. माझ्या मते तो शेवटचा प्रश्न आहे. टेपवर जोरात रेकॉर्ड केलं की आघातांची टोकं गोल होतात, अगदी वरचे सूर थोडे झिजतात, मागे एक बारीक सळसळ राहते. चालू स्थितीतलं यंत्र आणि ते सांभाळणारा माणूस हाताशी असेल तर जरूर वापरा. नसेल तर संगणकावर चारच ट्रॅक उघडा आणि पाचवा उघडणार नाही असं ठरवा. आवाजाची पातळी उणे दहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, डिजिटलमध्ये जोरात भरून काही कमाई होत नाही. आणखी घुमार हवा असेल तर स्पीकर न्हाणीघरात ठेवून समोर माइक लावा. शिकागोत बिल पुटनमनं १९४७ साली हार्मोनिकॅट्सच्या रेकॉर्डसाठी स्टुडिओच्या इमारतीतलं स्वच्छतागृह असंच वापरलं होतं, आणि ती रेकॉर्ड तुफान गाजली.

मिश्रण मोनोत करावं. त्या काळची सिंगल्स रेडिओसाठी आणि ज्यूकबॉक्ससाठी मोनोतच निघत. डावं-उजवं वाटून वाद्यं वेगळी करण्याची सोय हातातून गेली, की कोण पुढे आणि कोण मागे हे नीट ठरवावं लागतं. एका छोट्या स्पीकरवर, हळू आवाजात, बेसची ओळ गुणगुणता आली पाहिजे आणि गिटारचा थेंब ऐकू आला पाहिजे. एवढं साधलं की मिश्रण झालं असं समजावं.

अल्बमचा पसाराही मोठा नसतो. बारा धुना, प्रत्येकी दोन-अडीच मिनिटांच्या, एकूण अर्धा तास. दोन बाजूंचा विचार करूनच क्रम लावावा: पहिल्या बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा, सलग दोन धुना एकाच स्वरात नकोत, प्रत्येक बाजूत एक तरी संथ. जलद धुना सकाळी, हात ताजे असताना घ्याव्यात. पिकचे अखंड आघात मनगटाला फार लवकर दमवतात, आणि थकलेला हात रेकॉर्डवर लगेच कळतो. संथ धुना जेवणानंतर.