गोळ्या सुरू झाल्या, पण दिवसभर करायचं काय?

पुणतांबा : स्किझोफ्रेनियाच्या पेशंटला गोळ्या सुरू झाल्या की भास कमी होतात, झोप लागते. पण कामातला उत्साह तेवढ्यानं परत येत नाही. तो ओट्यावर बसून राहतो अन् गाव म्हणतं, आळशी झाला. हा आळस नाही, आजाराचाच भाग आहे.

त्यासाठी असतो व्यवसायोपचार. पुण्यात धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं दिवसभराचं केंद्र आहे. संस्था उभी केली डॉ. जगन्नाथ वाणींनी. मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. 'देवराई' (2004) सिनेमामागेही तेच होते.

अशा केंद्रात पेशंट सकाळी येतो, संध्याकाळी घरी जातो. कागदी पिशव्या, पणत्या, शिवण अशी कामं असतात. पिशव्या किती खपल्या याला महत्त्व कमी. वेळेवर उठणं, अंघोळ, अर्धा तास एका कामात लक्ष, शेजारच्याशी दोन शब्द, हीच खरी कमाई.

आपल्याकडून रोज धायरी शक्य नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं समाजात राहण्याचा हक्क दिला, केंद्रं मात्र बहुतेक शहरातच. तोवर घरी एकच काम ठरवून द्या, ठरल्या वेळी. कांदा निवडणं चालेल. काही गोळ्यांनी सुस्ती येते, म्हणून कडबाकुट्टी, विहीर लांब ठेवा. फवारणी तर नकोच. कामाचे पैसे त्याच्याच हातात द्या, दहा रुपये का असेनात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.